सोसायटीच्या ऑफिसात पीसी एक, मेल खाती तीन आणि इनबॉक्स रिकामा

नवा_सचिव

नमस्कार मंडळी. धागा तांत्रिक आहे, मी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेला, ७२ सदनिका. मार्चमध्ये कमिटी बदलली. सभेला मी उशिरा पोचलो, दारात चपला काढतोय तोवर आत टाळ्या वाजल्या. सचिव मी झालो होतो.

ऑफिसात पीसी एकच. सकाळी १० ते १ मॅनेजर काका बसतात. संध्याकाळी लोकलमधून उतरून जमेल तसा मी, नाहीतर खजिनदार बाई. मेल खाती तीन. सोसायटीचं जीमेल, त्यावर सगळा पत्रव्यवहार. खजिनदारपदाचं आउटलुक डॉट कॉमचं, त्यावर ऑडिटर, टीडीएस, बिलं. आणि बिल्डरच्या काळातलं एक याहू, ज्यावर दोन-तीन जुने सभासद अजून हट्टाने लिहितात.

आतापर्यंत सगळं ब्राउझरमध्ये लॉगिन-लॉगआउट करत चालायचं. मागच्या आठवड्यात काकांनी पार्किंगच्या तक्रारीला उत्तर धाडलं, ते नेमकं खजिनदारांच्या खात्यातून. सभासदाला वाटलं, आता पार्किंगचेही पैसे मागतायत. वर आला भांडायला.

म्हणून तिन्ही खाती थंडरबर्डमध्ये, म्हणजे पीसीवरच्या मेल वाचायच्या प्रोग्रामात, एकत्र घ्यायची आहेत. थंडरबर्ड पीसीवर आहेच, जुन्या कमिटीने ओळखीच्या एका मुलाकडून घालून घेतला होता, त्यात फक्त जीमेल जोडलंय. पण गंमत अशी की त्यात मेल अर्धवट येतात. लोक म्हणतात "पाठवली", आमच्याकडे नसते. ब्राउझरमधून जीमेल उघडलं तर इनबॉक्स जवळजवळ रिकामा! लिफ्टवाल्यांनी एएमसीचं (वार्षिक देखभालीचं) कोटेशन एप्रिलमध्ये पाठवलं म्हणे. आम्ही त्यांना खरमरीत पत्र लिहून मोकळे झालो.

कुठून सुरुवात करू?

वायरमन

थंडरबर्डमध्ये 'अकाउंट सेटिंग्ज' उघडा, जीमेलच्या खात्याखाली 'सर्व्हर सेटिंग्ज'. तिथे सर्व्हरचा प्रकार पॉप लिहिलाय की आयमॅप? तेवढं सांगा. नवीन काही जोडू नका अजून.

ताक_घुसळा

दारात चपला काढताना सचिव! आमच्याकडे एकाला चहा आणायला गेला म्हणून खजिनदार केलं होतं.

नवा_सचिव

पॉप लिहिलंय.

वायरमन

वाटलंच. आता दुसरं काम. थंडरबर्डमधल्या मेल तारखेने लावा आणि फक्त वेळा बघत जा. दिवसाच्या ठराविक वेळेतल्या मेल गायब आहेत का?

जुना_डायलअप

हा प्रश्न वाचून बरं वाटलं. मी बँकेतून निवृत्त. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं, त्यानंतर दोनेक वर्षांत घरी मोडेम आला. पुढे आउटलुक एक्स्प्रेस या मेलच्या प्रोग्रामात घरातल्या चौघांच्या चार 'आयडेंटिटी' करून दिल्या होत्या. मुलगी मोठी झाल्यावर तिने तिच्या आयडेंटिटीला पासवर्ड लावला. धाकट्याने तीन दिवसांत शोधून काढलं की पासवर्ड नुसता दरवाजाला आहे, फाइली उघड्यावरच पडल्यात. घरात रामायण झालं.

हॉटमेलसुद्धा त्याच प्रोग्रामात यायचं, पॉपने नाही, वेगळ्या वाटेने. ती वाट सप्टेंबर २००९ ला बंद झाली. वेबमेल डेस्कटॉपवर आणायची ही खटपट जुनीच आहे, नवा_सचिव. तुम्ही एकटे नाही.

नवा_सचिव

वायरमन, तुम्ही ज्योतिषी आहात का? दुपारी एकपासून रात्री साधारण अकरापर्यंत आलेली एकही मेल नाही! जवळजवळ रोजचं तेच. रात्री उशिराच्या आणि सकाळच्या तेवढ्या आहेत.

वायरमन

ज्योतिष नाही. सोसायटीचं हेच खाते कुणाच्या तरी घरच्या लॅपटॉपवरही पॉपने जोडलेलं आहे, आणि तो लॅपटॉप संध्याकाळी उघडला जातो.

पॉप म्हणजे पूर्वीच्या पोस्टातली पेटी. जो आधी किल्ली घेऊन जाईल तो पत्रं घेऊन घरी. १९९६ च्या आसपास प्रत्येकाकडे एकच पीसी होता, लाइन फोनची होती, मेल उतरवून घ्यायची आणि कनेक्शन तोडायचं, तेव्हा ते बरोबरच होतं. आज एका खात्याला दोन ठिकाणांहून पॉप लावलं की वाटणी होते. जीमेलमध्ये तर पॉपने एकदा एका प्रोग्रामला दिलेली मेल दुसऱ्याला एरवी दिलीच जात नाही.

आणि वेबवरचा इनबॉक्स रिकामा आहे त्याचं उत्तर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये, 'फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप' या टॅबवर. तिथे पॉपने मेल नेल्यावर मूळ प्रतीचं काय करायचं याचे चार पर्याय असतात: इनबॉक्समध्ये ठेव, वाचलेली म्हणून ठेव, आर्काइव्ह कर, पुसून टाक. ओळखीच्या मुलाने चौथा निवडला असणार. जागा वाचेल असं वाटलं असेल बिचाऱ्याला.

आत्ता लगेच करायचं: त्याच टॅबवर पॉप बंद करा. दोन्हीकडची गळती थांबेल. मग 'कचरा' उघडा. पुसलेल्या मेल तिथे ३० दिवस असतात. गेल्या महिन्याचं सगळं तिथून इनबॉक्सात ओढून घ्या, आजच. उद्या एक दिवसाचं कमी मिळेल.

मेपल_पान

वाखुसा (वाचनखूण साठवली). टोरांटोत आमच्या मंडळाच्या खात्याचं गेली चार वर्षं हेच होतंय आणि आम्ही एकमेकांवर संशय घेतोय.

नवा_सचिव

पॉप बंद केला. चौथाच पर्याय होता. कचऱ्यात १२६ मेल सापडल्या. त्यातल्या ४० तरी सोसायटीच्या कामाच्या, बाकी बूट आणि कर्जाच्या जाहिराती. लिफ्टचं कोटेशन नाही, ते एप्रिलचं, महिना उलटून गेला.

लॅपटॉप कोणाचा हेही कळलं. आमचे माजी खजिनदार, बी विंग, दुसरा मजला. अत्यंत सज्जन माणूस. म्हणाले, "अहो, मला रोज येतायत तुमच्या मेल. मला वाटलं नवीन कमिटी मला सीसीत ठेवतेय, मार्गदर्शनासाठी." काय बोलणार यावर!

ताक_घुसळा

मार्गदर्शनासाठी 😂 आडवा झालो.

शांताबाईंची_सून

मी कोथरूडला तीन वर्षं खजिनदार होते, म्हणून लिहिते. लॅपटॉपवरच्या मेल त्यांना "पुसून टाका" असं चुकूनही सांगू नका. भला माणूस लगेच पुसेल. त्या मेल म्हणजे सोसायटीचं दप्तर आहे. सभासदांच्या नोंदीचं आय रजिस्टर आणि जे फॉर्म, इतिवृत्ताची वही जशी जुनी कमिटी नवीनला सही घेऊन देते तसंच हेही. आमच्याकडे एका थकबाकीदाराने उपनिबंधकांकडे तक्रार केली होती की नोटीस मिळालीच नाही. पाठवलेली मेल जुन्या सचिवांच्या घरच्या मशिनवर, आणि मशीन भंगारात. आम्ही हात चोळत बसलो.

नवा_सचिव

बरं झालं लिहिलंत ताई, मी नेमकं तेच सांगणार होतो त्यांना.

वायरमन

आता मांडणी. सगळी खाती आयमॅपने. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहते, पीसी, लॅपटॉप, फोन ही नुसती खिडकी. एकीकडे वाचलं तर सगळीकडे वाचलेलं दिसतं.

थंडरबर्डमध्ये पॉपचं खातं बदलून आयमॅप करता येत नाही, नवीन जोडावं लागतं. क्रम असा ठेवा. जुन्या पॉप खात्याच्या 'सर्व्हर सेटिंग्ज'मध्ये सुरू होताना मेल तपासणं आणि दर १० मिनिटांनी तपासणं या दोन्ही खुणा काढा. खातं मात्र काढू नका, त्यात तुमच्या अर्ध्या मेल आहेत. मग तोच पत्ता 'नवीन खाते' म्हणून जोडा, प्रोग्राम स्वतःच आयमॅप सुचवतो. पोर्ट ९९३ येणारीला, ४६५ किंवा ५८७ जाणारीला, तेही तोच भरतो, तुम्ही डोकं घालू नका. नवीन खातं उभं राहिलं की जुन्या इनबॉक्समधल्या मेल निवडून नवीनच्या एखाद्या फोल्डरमध्ये ओढा. त्या वर सर्व्हरला जातात आणि सगळ्यांना दिसायला लागतात. माजी खजिनदारांच्या लॅपटॉपवरही हेच करायचं.

एकदम सगळं ओढू नका. जीमेलला आयमॅपने दिवसाला ५०० एमबीच वर चढवता येतं, त्यापुढे खातं काही काळ अडवलं जातं. स्कॅन केलेल्या बिलांच्या पीडीएफ असतील तर ५०० एमबी म्हणजे काहीच नाही. वर्षावर्षाचे गठ्ठे करा.

नेमकं_काय

एक प्रश्न कोणी विचारलाच नाही. तीन माणसं, एक पीसी, विंडोजचं लॉगिन किती? उत्तर 'एक' असेल तर खजिनदारांचं खातं त्यात घालू नका. थंडरबर्डमध्ये साठवलेले पासवर्ड सेटिंग्जमधून दोन क्लिकमध्ये वाचता येतात. 'प्रायमरी पासवर्ड' लावला तर ते झाकले जातात, पण उतरलेल्या मेल झाकल्या जात नाहीत.

वायरमन

सहमत, पण मॅनेजर काका लॉगआउट करतील यावर तुमचा विश्वास असेल तर तुम्ही कधी सोसायटीच्या ऑफिसात गेला नाही आहात.

नेमकं_काय

म्हणून घर उघडं टाकायचं? जुना_डायलअप यांनी वर लिहिलंय तेच आजही खरं आहे. थंडरबर्डमध्ये वेगवेगळे 'प्रोफाइल' करता येतात, लोकांना वाटतं ते कुलूप आहे. नाही. ते नुसतं वेगळं कपाट आहे, दाराशिवायचं. त्याच विंडोज लॉगिनमध्ये बसलेला कोणीही ते उघडतो. कुलूप हवं तर विंडोजचं वेगळं लॉगिन, वेगळा पासवर्ड. दुसरा उपाय नाही.

ताक_घुसळा

हे मी स्वतः करून पाहिलंय (स्वतःच्याच पीसीवर, कृपया पोलीस बोलावू नका). थंडरबर्डच्या प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये 'इनबॉक्स' नावाची एक फाइल असते, मागे कुठलंही एक्स्टेन्शन नाही. ती नोटपॅडमध्ये उघडली. इंग्रजी मेल सरळ वाचता आल्या, बायकोने २०११ मध्ये पाठवलेल्या वाणसामानाच्या यादीसकट. मराठी मेल मात्र जवळपास सगळ्या अगम्य अक्षरांचे ठोकळे. मला वाटलं मराठी सुरक्षित आहे!

वायरमन

तो बेस ६४ आहे हो. देवनागरी मजकूर बरेचदा त्या वेष्टनात पाठवला जातो. कोणीही सोडवू शकतो, त्यात गुप्त काही नाही. बाकी फाइल नोटपॅडमध्ये उघडलीत ते ठीक, 'सेव्ह' करू नका कधी.

शांताबाईंची_सून

नेमकं_काय यांचं पटतंय. आम्ही शेवटी असं केलं: विंडोजवर दोन लॉगिन. 'ऑफिस' आणि 'खजिनदार'. ऑफिसमध्ये सोसायटीचं खातं आणि जुनं खातं. खजिनदारमध्ये खजिनदारपदाचं खातं, शिवाय सोसायटीचं खातं परत. आयमॅप असल्यामुळे तेच खातं दोन्हीकडे असून बिघडत नाही. काका लॉगआउट करायचे नाहीत, हे खरंच. म्हणून पीसी पाच मिनिटांनी आपोआप लॉक होईल असं करून ठेवलं. काका पहिले चार दिवस रोज फोन करायचे, मग सवय झाली.

नवा_सचिव

ही मांडणी आवडली. खजिनदार बाईंनाही आवडली, त्या म्हणाल्या, "माझ्या खात्यावरून पार्किंगची उत्तरं बंद होणार असतील तर काहीही करा."

आता अडलोय तिथे. काल दुपारी १२ वाजता आयमॅपचं खातं जोडायला बसलो. थंडरबर्डने गूगलच्या लॉगिनची खिडकी उघडली, पासवर्ड घातला, आणि समोर आलं: "तुमच्या फोनवर सूचना पाठवली आहे, 'होय' दाबा." माझ्या फोनवर काही नाही. काकांच्या फोनवर नाही. पंधरा मिनिटांनी व्हॉट्सॅपवर माजी सचिवांचा मेसेज. ते मुलीकडे न्यू जर्सीला आहेत. "रात्रीचे अडीच वाजलेत. माझं खातं कोणीतरी हॅक करतंय, मी 'नाही' दाबलंय."

मेपल_पान

😂 इकडे आम्ही आनंदाने झोपलेलो असतो त्या वेळी.

वायरमन

हसू नका, खरं दुखणं हेच आहे. मघापासून आपण प्रोग्रामबद्दल बोलतोय, पण खातं ज्याच्या फोनला बांधलंय त्याचं असतं. सोसायटीचं जीमेल आज कागदोपत्री सोसायटीचं, प्रत्यक्षात न्यू जर्सीतल्या एका मोबाइलचं आहे.

पूर्वी नुसता पासवर्ड घालून कुठलाही प्रोग्राम मेल ओढायचा. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ते ३० मे २०२२ पासून बंद केलं. मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉमसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून. आता प्रोग्रामला खात्याचा पासवर्ड मिळतच नाही. सेवा स्वतःची खिडकी उघडते, तुम्हाला ओळखते आणि प्रोग्रामला एक परवाना देते. याला ओऑथ२ म्हणतात. म्हणजे खातं जोडताना पासवर्डवाला माणूस आणि फोनवाला माणूस दोघं लागतात.

माजी सचिवांशी वेळ ठरवा. आपल्याकडे रात्री ९ म्हणजे त्यांच्याकडे सकाळचे साडेअकरा. ते एकदा 'होय' म्हणाले की लगेच खात्याच्या सुरक्षा पानावर जाऊन सोसायटीचा नंबर जोडायचा, मग त्यांचा नंबर आणि फोन काढायचा. या क्रमाने, उलट नाही.

जुना_डायलअप

सोसायटीचा नंबर म्हणजे कुठला पण? सचिवांचा घातला तर पाच वर्षांनी परत हाच धागा.

शांताबाईंची_सून

आम्ही सोसायटीच्या नावाने साधं सिमकार्ड घेतलं, बटनांचा फोन, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. रिचार्ज मेंटेनन्सच्या खर्चात, दरवर्षीच्या अंदाजपत्रकात एक ओळ. त्यात हयगय नको. बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्या कुणाला तरी मिळतो आणि तुमचे ओटीपी त्याच्या खिशात.

शिवाय गूगल दहा बॅकअप कोड देतं, आठ-आठ आकड्यांचे, प्रत्येक एकदाच चालतो. ते छापून पाकिटात घालून कन्व्हेयन्स डीडच्या फाइलबरोबर कपाटात. फोनचा फोटो नको, छापील कागदच.

नेमकं_काय

+१. आणि पाकिटावर "जीमेल पासवर्ड" असं लिहू नका.

माडाखाली

मडगावहून. आमचं चार खोल्यांचं होमस्टे, मी आणि दोन भाऊ, तिघांचं मिळून एकच खातं, तिघांकडे आयमॅप. नवा_सचिव, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, आम्ही त्यात पोळलोय. आयमॅपमध्ये एकाने मेल उघडली की तिघांना ती वाचलेली दिसते. ठळक अक्षर गेलं. प्रत्येकाला वाटायचं दुसऱ्याने उत्तर दिलं असेल. डिसेंबरात नागपूरची एक आठ जणांची पार्टी आमच्या हातून अशीच गेली, मेल तिघांनी वाचलेली, उत्तर कोणाचंच नाही.

आता आमचा नियम: वाचलीस तर तारा दे. तारा म्हणजे 'माझ्या अंगावर आहे'. उत्तर गेलं की तारा काढ. तारा सर्व्हरवर राहतो, सगळ्यांना दिसतो. आणि पुसणं फक्त धाकट्याने, कारण आयमॅपमध्ये एकाने पुसलं की तिघांचं गेलं.

नवा_सचिव

माडाखाली, हे सोनं आहे. काकांना ताऱ्याचं समजावतो.

आउटलुक डॉट कॉमचं मात्र जुळत नाहीये. पासवर्ड शंभर टक्के बरोबर, वेबवर चालतो. थंडरबर्ड म्हणतो चूक आहे.

वायरमन

दोन जागा बघा. पहिली, आउटलुक डॉट कॉमच्या वेबवरच्या सेटिंग्जमध्ये 'फॉरवर्डिंग अँड आयमॅप'. तिथे प्रोग्रामांना आयमॅप वापरू देण्याची परवानगी सुरू करावी लागते, मुळात बंद असते. दुसरी, थंडरबर्डमध्ये त्या खात्याच्या 'ऑथेंटिकेशन मेथड'मध्ये 'नॉर्मल पासवर्ड' असेल तर 'ओऑथ२' करा. आणि इथेच बहुतेक जण फसतात: येणाऱ्या मेलचं बदलतात, जाणाऱ्या सर्व्हरचं वेगळ्या पानावर, डावीकडच्या यादीच्या अगदी तळाशी, तसंच राहतं. मग मेल येतात पण जात नाहीत.

थंडरबर्डच्या कुकीज बंद असतील तर त्या लॉगिनच्या खिडकीत काहीतरी अर्धवट दिसून ती मिटते. तेही तपासा.

याहूलाही हीच खिडकी चालते. बाकी ते खातं ठेवणार असाल तर अधूनमधून उघडत राहा. १२ महिने कोणी लॉगिन केलं नाही तर याहूच्या नियमाप्रमाणे मेलबॉक्समधला मजकूर पुसला जाऊ शकतो. माझं मत विचाराल तर त्या जुन्या सभासदांना चहाला बोलवा आणि नवीन पत्ता फोनमध्ये स्वतः घालून द्या.

नवा_सचिव

जुळलं! दोन्ही कारणं होती. परवानगी बंद होती, आणि जाणाऱ्याचं राहिलं होतं.

नेमकं_काय

चुकीच्या खात्यातून उत्तर जाण्याचं काय केलंत? धागा तिथूनच सुरू झाला होता.

शांताबाईंची_सून

थंडरबर्ड ज्या खात्यात मेल आली त्याच खात्यातून उत्तर द्यायला घेतो, ते बरं आहे. घोटाळा होतो तो नवीन मेल लिहिताना, तेव्हा डीफॉल्ट खातं येतं. वरच्या 'फ्रॉम'च्या ओळीकडे बघायची सवय लावा. १२८ च्या आवृत्तीपासून खात्याला रंग देता येतो. आम्ही खजिनदाराला लाल दिला होता. लाल दिसलं की हात थांबतो.

आणि प्रत्येक खात्याला त्याचाच जाणारा सर्व्हर लावलाय ना बघा. दुसऱ्या खात्याची मेल जीमेलच्या सर्व्हरमधून गेली तर समोरच्याला पाठवणाऱ्याचा पत्ता जीमेलचाच दिसतो. मग परत "तुम्ही कोण?"

ताक_घुसळा

अवांतर: ७२ जणांना वार्षिक सभेची नोटीस 'टू'मध्ये सगळे पत्ते घालून पाठवू नका. आमच्या इथे एकाने 'रिप्लाय ऑल' करून शेजाऱ्याच्या कुत्र्यावर तीन पानं लिहिली होती.

शांताबाईंची_सून

बीसीसीत घाला, पत्ते एकमेकांना दिसत नाहीत. जीमेलची मर्यादा दिवसाला ५०० पत्त्यांची, ७२ म्हणजे चिंता नाही. सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची आणि नोटीस पूर्ण १४ दिवस आधी, त्यामुळे पाठवलेली प्रत 'सेंट'मध्ये दिसतेय ना, तारखेसकट, हे त्याच दिवशी बघून ठेवा. नोटीस बोर्डावर लावायची ती लावायचीच.

मेपल_पान

आमच्या मंडळाच्या खात्यावर मधूनच "एकाच वेळी खूप जोडण्या" असा संदेश येतो. तोही याच कुळातला का?

वायरमन

हो. जीमेल एका खात्याला एका वेळी १५ आयमॅप जोडण्या देतं. थंडरबर्ड एकटाच एका मशिनवर पाचपर्यंत घेतो. चार जणांनी उघडला की झालं. 'सर्व्हर सेटिंग्ज'मधल्या 'अॅडव्हान्स्ड'मध्ये पाचाचे दोन करा, सगळ्यांकडे. काही अडत नाही.

आणि मेल दोनदोनदा दिसत असतील तर जीमेलच्या वेबवर 'लेबल्स'मध्ये जाऊन 'ऑल मेल' आयमॅपमध्ये दाखवू नको, असं करा.

जुना_डायलअप

बॅकअपचं कोणी बोललं नाही. आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे, वर पुसलं की खालीही पुसलं. वर्ष संपलं की त्या वर्षाच्या मेल 'लोकल फोल्डर्स'मध्ये, म्हणजे फक्त पीसीवर राहणाऱ्या फोल्डरांत, कॉपी करा, हलवू नका, कॉपी. मग थंडरबर्ड पूर्ण बंद करून प्रोफाइलचा अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर. चालू असताना कॉपी केलात तर फाइल अर्धवट यायची शक्यता असते.

आणि जुन्या मेल उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला तर घाबरू नका. ती बिघडलेली नाही, श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमधली आहे. तो फॉन्ट लावला की वाचता येते.

नवा_सचिव

मंडळी, अहवाल.

शनिवारी रात्री ९ ला माजी सचिवांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी 'होय' दाबलं, मी नंबर बदलला, त्यांचा फोन काढला. एकूण सहा मिनिटं. मग चाळीस मिनिटं त्यांनी मला टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचा इतिहास सांगितला, तो कुठल्याच मेलमध्ये नव्हता. खात्याचा पासवर्डही बदलला, त्यामुळे कुठे आणखी लॅपटॉप जोडलेला असेल तर तोही बाहेर.

रविवारी माजी खजिनदार स्वतः लॅपटॉप घेऊन ऑफिसात आले. नवीन पासवर्ड मी टाइप केला, आयमॅप जोडलं, ३४० मेल वर चढवल्या, मग खातं त्यांच्या मशिनवरून काढलं. लिफ्टचं कोटेशन सापडलं. १९ एप्रिल, दुपारी ४ वाजून १० मिनिटं. बरोबर त्यांच्या वेळेतलं. लिफ्टवाल्यांना फोन करून माफी मागितली. ते म्हणाले दर आता तोच राहणार नाही.

बटनांचा फोन ड्रॉवरमध्ये आहे. दोन लॉगिन झाले. खजिनदार बाईंनी लाल नको म्हणून जांभळा घेतला. पाच मिनिटांच्या लॉकवरून काकांचे तीन फोन येऊन गेले.

माडाखाली

आणि तारे?

नवा_सचिव

काकांनी आज पहिला तारा दिला. कर्जाच्या जाहिरातीला. म्हणाले, "माझ्या अंगावर आहे, बघतो."